मेट्रो आली, आता बस कशाला पोसायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात मेट्रो सुरू झाली, तरी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, तूट भरण्यासाठी दरवर्षी कोट्यवधी रुपये मोजतात. एवढं करून बस वेळेवर येत नाही, आणि दुपारी पाहावं तर रिकाम्या गाड्या धावताना दिसतात. हाच पैसा रस्ते रुंद करायला आणि उड्डाणपुलांना दिला तर जास्त लोकांचं भलं होणार नाही का?

मी एकतीस वर्षं राज्यातल्या एका शहर बससेवेत काढली. वाहक म्हणून लागलो, पुढे वाहतूक नियंत्रक झालो आणि शेवटची सोळा वर्षं वेळापत्रक कक्षात होतो. निवृत्तीनंतर पुण्यात मुलीकडे राहायला आलो. पीएमपीच्या नोकरीत मी कधी नव्हतो, तिचा फक्त प्रवासी आहे. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो विचारणारे लोक पुष्कळ आहेत.

आधी रिकाम्या गाडीचं बोलू. सकाळी साडेआठला कात्रजहून स्वारगेटकडे जाणारी गाडी दारापर्यंत भरलेली असते. तीच गाडी उलट दिशेला परत निघते तेव्हा तिच्यात आठ-दहा माणसं असतात. पण ती परत आल्याशिवाय पुढची भरलेली फेरी निघणार कशी? तुम्ही मार्गाच्या शेवटच्या टोकाला राहत असाल तर तुम्हाला गाडी बहुतेक वेळा रिकामीच दिसणार, कारण तिथे ती भरायची तरी असते किंवा उतरून झालेली तरी असते. त्याच गाडीत मधल्या चार थांब्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

दुपारच्या गाड्यांचं गणित जरा वेगळं आहे, आणि ते मी एका चुकीतून शिकलो.

वेळापत्रक कक्षात नवा होतो तेव्हाची गोष्ट. शहराच्या कडेच्या एका वस्तीतून पहाटे पाच-दहाला पहिली गाडी सुटायची. वेबिलं, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशोबाची पत्रकं, काढून पाहिली तर सतरा-अठरा तिकिटं, त्यापुढे आकडा कधी जातच नव्हता. किलोमीटरमागचं उत्पन्न आगारात सगळ्यांत कमी. ती फेरी मी रद्द करून पुढच्या पाच-पन्नासच्या गाडीत जिरवली. कागदावर चाळीस मिनिटांचा फरक, आणि एका चालक-वाहकाची पाळी वाचली. साहेबांनी शाबासकीही दिली.

आठवड्याभराने एक बाई आगारात आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर राग नाही, फक्त काळजी. म्हणाल्या, "साहेब, पाच-दहाची गाडी गेली तशी माझी दोन घरं गेली. ती माणसं सातला कामाला निघतात, त्याच्या आत पोळ्या व्हाव्या लागतात." मी त्यांना पाच-पन्नासच्या गाडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनं पोचते तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप असतं."

त्या दिवशी मी त्या मार्गाची दिवसभराची वेबिलं पुन्हा मांडली. पहाटेची सतरा माणसं गेली होती, त्यांच्याबरोबर दुपारी एकच्या परतीच्या गाडीतली तेरा-चौदा तिकिटंही गेली होती. काही पासधारक पास काढायचेच थांबले होते. म्हणजे पहाटेची फेरी तोट्यात वाटत होती, पण दुपारच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांचं उत्पन्न तिच्यावरच उभं होतं. तीन आठवड्यांनी मी ती गाडी पुन्हा सुरू केली. त्या सतरांपैकी अकरा जणं परत आली. बाकीच्यांनी काय सोय केली ते मला कधी कळलं नाही. त्या बाईंची दोन घरं परत मिळाली का, हेही कळलं नाही. आजही मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे ती.

दुपारच्या "रिकाम्या" गाड्या काढल्या की नेमकं हेच होतं. अकरावीतल्या मुलीला सकाळी सातला जायला गाडी आहे, पण बाराला परतायला नाही, म्हटल्यावर तिचे वडील तिला स्कूटर घेऊन देतात. मग ती सकाळच्या गाडीलाही येईनाशी होते. पुढच्या वर्षी सकाळची गाडी रिकामी दिसायला लागते आणि कुणीतरी तीही बंद करायला सांगतं.

आता वेळेवर न येण्याकडे वळतो. ही तक्रार खरी आहे. पण "चालक आळशी आहेत" हे त्याचं कारण नाही.

समजा, एका मार्गावर दर वीस मिनिटांनी बस आहे. वेळ न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल. आता तेवढ्याच गाड्या, तेवढ्याच फेऱ्या, पण दोन-दोन गाड्या जोडीने यायला लागल्या. म्हणजे चाळीस मिनिटं काहीच नाही आणि मग एकामागे एक दोन. सरासरी थांबणं वीस मिनिटांवर गेलं. इंधन तेवढंच जळलं, पगार तेवढेच गेले, खात्याच्या अहवालात शंभर टक्के फेऱ्या झाल्याची नोंद झाली, आणि प्रवाशाच्या लेखी सेवा अर्धी झाली. शिवाय जोडीतली पहिली गाडी खच्चून भरलेली आणि दुसरी रिकामी. तुम्हाला दिसणारी रिकामी गाडी पुष्कळदा हीच दुसरी असते.

या जोड्या कशा लागतात ते कोणत्याही गजबजलेल्या थांब्यावर उभं राहून पाहता येतं. एखादी गाडी सिग्नलला दोन मिनिटं अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर नेहमीच्या दहांऐवजी पंधरा माणसं जमली. एकेकाला चढायला तीन-चार सेकंद, त्यात एका आजींना पायरी उंच पडते, एकाकडे सुटे नाहीत. गाडी आणखी मागे पडते. त्याच्या पुढच्या थांब्यावर वीस. तिच्या मागून येणाऱ्या गाडीला मात्र थांबे रिकामे मिळतात, त्यामुळे ती झपाट्याने पुढे येते आणि दोघी एकमेकींना चिकटतात. नियंत्रक म्हणून आमच्या हातात दोनच उपाय असायचे. मागच्या गाडीला थांब्यावर धरून ठेवायचं, नाहीतर पुढच्या गाडीला अर्ध्या रस्त्यातून वळवायचं. पहिल्या उपायात आतले प्रवासी ओरडतात. दुसऱ्यात त्यांना उतरवावं लागतं, आणि उतरवलेला माणूस ती गोष्ट वर्षभर विसरत नाही. दोन्ही मी केलं आहे. एकदा पावसात, एका गरोदर बाईला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवताना मीच छत्री धरून उभा होतो. नियमाने मी बरोबर होतो, पण मान वर करवत नव्हती.

मूळ दोष रस्त्यात असतो, आणि रस्त्यातला दोष बसच्या खर्चात कसा उतरतो हे एका साध्या हिशोबाने कळेल. बारा किलोमीटरचा मार्ग, जायला पन्नास मिनिटं, टोकाला दहा मिनिटं विश्रांती. जाऊन-येऊन एक फेरी दोन तासांची. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर बारा गाड्या लागतील. आता रस्त्यावर खासगी वाहनं वाढली आणि त्याच अंतराला सत्तर मिनिटं लागायला लागली. फेरी दोन तास चाळीस मिनिटांची झाली. दहा मिनिटांची वारंवारिता टिकवायला आता सोळा गाड्या हव्यात. चार गाड्या जास्त, दोन पाळ्या धरून सोळा चालक-वाहक जास्त, त्यावर साप्ताहिक सुट्टीचे बदली. आणि एवढं करून प्रवाशाला एकही मिनिट जास्तीची सेवा मिळालेली नाही. चार गाड्या नाहीच दिल्या तर वारंवारिता तेरा-चौदा मिनिटांवर जाते, काही लोक कंटाळून दुचाकी घेतात, रस्ता आणखी भरतो आणि बस आणखी सावकाश होते.

महापालिका जी तूट भरते तिचा मोठा हिस्सा असा रस्त्यावर सांडलेला असतो. कोंडीत उभ्या बसचं इंधन आणि त्यातल्या दोन माणसांचा पगार बससेवेच्या खात्यात पडतो. ती कोंडी करणाऱ्या एकेका माणसाच्या मोटारीच्या खात्यात तो कधीच पडत नाही.

तुम्ही म्हणता तो उपाय, रस्ते रुंद करणं आणि पूल बांधणं, पुण्याने अनेक वर्षं करून पाहिला आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवा. ते जेमतेम दीड दशक वापरून जुलै २०२० मध्ये पाडले. मेट्रोसह दुमजली पूल उभा करायचा तर जुने पूल आड येत होते, आणि तोवर चौकातली कोंडीही काही सुटलेली नव्हती. नवा पूल झाला की काही महिने रस्ता मोकळा वाटतो. मग जे लोक गर्दीला भिऊन गाडी काढत नव्हते ते काढायला लागतात, थोड्या लांब घर घेणं परवडेल असं वाटून लोक आणखी बाहेर राहायला जातात, आणि गर्दी पुढच्या चौकात जाऊन थांबते. उड्डाणपूल बांधताना त्याचं किलोमीटरमागचं उत्पन्न किती, असं कुणी विचारत नाही. त्याला तूट म्हणत नाहीत, विकास म्हणतात. बसला मात्र पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न लावतात. दोन्ही पैसे एकाच तिजोरीतून जातात, म्हणून मला हा फरक अन्यायाचा वाटतो.

रस्ता तोच ठेवून बसला वेगळी वाट काढून देण्याचा प्रयोग देशात पहिल्यांदा पुण्यातच झाला. २००६ च्या अखेरीला कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. कल्पना उत्तम होती. पण मार्गिका सलग नव्हती. जिथे रस्ता अरुंद, म्हणजे जिथे बसला मदतीची सगळ्यांत जास्त गरज, तिथेच ती संपायची. दुचाकी आणि रिक्षा सर्रास आत शिरायच्या. थांबे रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर पोचायला नीट रस्ता ओलांडण्याची सोय नाही. म्हातारी माणसं जीव मुठीत धरून पलीकडे जायची. लोक बीआरटीला शिव्या द्यायला लागले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिल्या असत्या.

त्यानंतर २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि औंध-रावेत हे मार्ग 'रेनबो' नावाने सुरू झाले. ते आधीपेक्षा बरेच नीट होते. दाराच्या उंचीला फलाट, बंदिस्त थांबे. पुढे नगर रस्त्यावरही मार्गिका झाली, आणि काही वर्षांत ती उखडूनही टाकली. कारण सांगितलं ते असं की तिच्यामुळे बाकीच्या वाहनांची कोंडी होते. मला याचं फार वाईट वाटलं. त्या मार्गिकेतून बस मोकळी जाते, हेच खरं तर तिचं काम होतं. एका बसमध्ये साठ माणसं असतात आणि ती रस्त्यावर जेमतेम तीन मोटारींची जागा घेते. मोटारीतून बघणाऱ्याला मार्गिका रिकामी दिसते, कारण दोन-तीन मिनिटांतून एकदाच तिथून काही जातं. पण त्या एकदा जाण्यात किती माणसं गेली हे मोजलं तर शेजारच्या गच्च भरलेल्या लेनशी तिची बरोबरी व्हायला वेळ लागत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातसुद्धा हेच लिहिलं आहे, की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना डोळ्यांसमोर ठेवून वाटा. पिंपरी-चिंचवडने आपल्या मार्गिका टिकवल्या आहेत. दापोडी ते निगडी एकदा बसने जाऊन पाहा, आणि मग त्याच वेळी नगर रस्त्याने.

मेट्रोबद्दल माझ्या मनात अढी नाही. ६ मार्च २०२२ ला पहिला टप्पा सुरू झाला, २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आणि नंतर जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली. सुमारे ३३ किलोमीटरचं जाळं झालं. मी स्वतः स्वारगेटहून पिंपरीला तिनेच जातो. वेळेची खात्री काय असते ते पुणेकरांना पहिल्यांदा तिनेच दाखवलं, हे मोठं काम आहे. पण नकाशा समोर ठेवा आणि कोंढवा, उंड्री, धायरी, वाघोली कुठे आहेत ते पाहा. मेट्रोच्या रेघांच्या बाहेर सगळं शहर पसरलेलं आहे. कोंढव्यातल्या माणसाला मेट्रो वापरायची तर आधी स्वारगेट गाठावं लागतं. ते बसने गाठायचं आणि बस कधी येईल याचा भरवसा नसेल, तर पुढची मेट्रो कितीही वक्तशीर असली तरी त्याचा उपयोग नाही. तो घरातून स्कूटरच काढतो, आणि एकदा स्कूटर निघाली की ती स्टेशनाशी लावून पुढे मेट्रोने कोण जातो? सरळ कामाच्या ठिकाणीच नेतो. म्हणून मेट्रो आल्यावर बसची गरज कमी होत नाही, उलट वाढते. फक्त मार्ग बदलावे लागतात. मेट्रोला समांतर धावणाऱ्या लांब मार्गांवरच्या काही गाड्या काढून स्टेशनांना जोडणाऱ्या छोट्या, दर सात-आठ मिनिटांच्या फेऱ्यांवर टाकाव्या लागतात. हे काम टेबलावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक जुन्या मार्गामागे एक नगरसेवक, एक शाळा आणि वीस वर्षांची सवय उभी असते.

मुंबईकडे पाहिलं तर पुढचा धोका कळतो. तिथे ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने बस, ट्राम आणि वीजपुरवठा एकत्रच ताब्यात घेतला, आणि पुढे कित्येक दशकं विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत होती. ही व्यवस्था फार शहाणपणाची होती. शहराच्या एका सेवेने दुसरीला सांभाळलं. विजेच्या बिलातून बसचा खर्च काढायची वाट पुढे बंद झाली आणि बेस्ट उघडी पडली. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं. प्रवासी खरोखरच झपाट्याने वाढले. लोकांना बस नकोशी झालेली नव्हती, हे तेव्हा सिद्ध झालं. पण गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत. एकेकाळी चार हजारांहून जास्त असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला, त्यातही बेस्टच्या मालकीच्या गाड्या थोड्या आणि बाकीच्या कंत्राटाच्या. काही कंत्राटदार मध्येच सोडून गेले. लोकल, मेट्रो सगळं असलेल्या शहरात स्टेशनाबाहेर बसच्या रांगा लांबत गेल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं दहा रुपये झालं.

कंत्राटाबद्दल दोन शब्द. आता अनेक शहरांत गाडी, चालक आणि देखभाल ठेकेदाराची असते, आणि महापालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. तिकिटाचा पैसा महापालिकेचा. पद्धत मुळात वाईट नाही. पण सगळ्यांत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यायचं म्हटलं की तो ती कसर चालकाच्या पगारातून आणि गाडीच्या ब्रेक-लायनिंगमधून भरून काढतो. शिवाय किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर थांब्यावर हात दाखवणाऱ्या म्हातारीसाठी थांबण्यात त्याला काहीच स्वारस्य राहत नाही. वेळेवर सुटण्याला, न चुकता थांबण्याला वेगळे पैसे आणि चुकण्याला वेगळा दंड असेल तरच हे जमतं, आणि तो दंड लावायला महापालिकेकडे रस्त्यावर उभी राहणारी माणसं लागतात. तीच पदं आधी गोठवली जातात.

भाड्याचा मुद्दा पुण्यात जास्तच टोकदार आहे, कारण इथे बसची स्पर्धा मोटारीशी नाही, दुचाकीशी आहे. १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं, दिवसाचा पास चाळीसवरून सत्तर झाला. आता एका घरातलं जोडपं घ्या. दोघांची कामं एकाच बाजूला, येऊन-जाऊन वीस किलोमीटर. स्कूटरला दोघांना मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं, म्हणजे पन्नासच्या घरात रुपये. दोन दैनिक पासांना एकशे चाळीस. स्कूटरचा हप्ता, विमा, टायर हे सगळं धरलं तर फरक कमी होतो, पण महिन्याचा हिशोब करणारी माणसं समोरचा रोकड खर्च बघतात. भाडं वाढवून तूट कमी होते असं कागदावर दिसतं. त्यात जे निघून गेले त्यांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही.

आणि जे जाऊ शकत नाहीत, ते? सकाळच्या गाडीत माझ्याबरोबर जी माणसं असतात त्यांत बायका जास्त असतात. घरात स्कूटर एक असते आणि ती नवरा नेतो. त्यांचा प्रवासही पुरुषांसारखा सरळ घर ते कचेरी असा नसतो. मुलाला शाळेत सोडायचं, तिथून कामावर, येताना भाजी, मग सासूबाईंचं औषध. प्रत्येक उतरण्याला नवं तिकीट, नवी दहा-वीस मिनिटं. आम्ही वेळापत्रकं बनवणारे पुरुष होतो, आमच्या डोक्यात कायम कचेरीचीच वेळ असायची. तासाभरात कितीही वेळा बस बदलली तरी एकच तिकीट, आणि तेच मेट्रोलाही चालेल, एवढं झालं तरी या बायकांचं आयुष्य पुष्कळ सोपं होईल. तिकिटाची यंत्रं आता वाहकांच्या हातात आहेत. अडचण दोन संस्थांनी पैसे कसे वाटून घ्यायचे याची आहे.

गाडी चालवणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण "चालक उद्धट असतात" हे मी रोज ऐकतो. मघाशी हिशोबात टोकाला दहा मिनिटं विश्रांती धरली. कोंडी वाढली आणि वेळापत्रक तेच राहिलं, की पहिल्यांदा बळी जातो तो या दहा मिनिटांचा. चालक उतरून पाणी पिणार, लघवीला जाणार, ती हीच वेळ. पुष्कळ टोकाच्या थांब्यांवर स्वच्छतागृहच नसतं. महिला वाहक आल्या तेव्हा आमच्याकडे एकीने मला सांगितलं होतं की ती ड्युटीच्या आधीपासून पाणी पीतच नाही. आठ तास, मे महिना, इंजिनाची धग. मी तिच्या मार्गावर प्रत्येक फेरीला सहा मिनिटं वाढवून दिली तर वरून विचारणा झाली की फेऱ्या कमी का झाल्या. ती सहा मिनिटं टिकवायला मला दोन महिने भांडावं लागलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: पैसा बसलाच द्या, पण तूट भरायला म्हणून वर्षाच्या शेवटी देऊ नका. पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के, अशी जी वाटणी आहे ती रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, आणि त्या बदल्यात अमुक मार्गांवर सकाळी सहा ते रात्री दहा दर आठ मिनिटांनी बस, असं लेखी वचन घ्या. सगळ्या शहराला एकदम नको. सगळ्यांत जास्त प्रवासी असलेले पंधरा-वीस मार्ग घ्या. त्या मार्गांवर जिथे रस्ता अडतो तेवढ्याच चारशे-पाचशे मीटरांत बसला वेगळी वाट द्या, सिग्नलला तिला आधी सोडा, आणि तिथलं रस्त्याकडेचं पार्किंग उठवा. पार्किंगचं धोरण महापालिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं होतं आणि ते तसंच पडून राहिलं. रस्त्यावर मोटार उभी करायला फुकट जागा देणं हीही मदतच आहे, आणि ती कधी अंदाजपत्रकात दिसत नाही.

हे होऊ शकतं असं मी का म्हणतो? १ नोव्हेंबर २०१२ ला 'सकाळ'च्या पुढाकाराने पुण्यात 'बस डे' झाला. एका दिवसापुरत्या जादा गाड्या रस्त्यावर आणल्या, लोकांनी आपापली वाहनं घरी ठेवली. एक दिवसच होता, दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं. पण त्या दिवशी बसमध्ये चढलेली माणसं याच शहरातली होती, आणि रस्तेही हेच होते.

तुम्हाला खरोखर काही करायचं असेल तर एक सुचवतो. तुमच्या घराजवळच्या थांब्यावर सलग पाच दिवस, सकाळी साडेआठ ते साडेनऊ, वही घेऊन उभे राहा. प्रत्येक गाडीची वेळ, मार्ग क्रमांक, किती चढले, किती जण जागा नाही म्हणून मागे राहिले आणि किती जण वाट पाहून रिक्षात बसले, एवढं लिहा. दोन गाड्या जोडीने आल्या तर बाजूला खूण करा. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते तेव्हा ती पाच पानं जोडून द्या, एक प्रत आगार व्यवस्थापकाला द्या आणि पोच घ्या. आमच्या कक्षात "बस वेळेवर येत नाही" अशी पत्रं ढिगाने यायची, ती फाईलला लागायची. वेळा लिहिलेलं पत्र एकतीस वर्षांत मला तीनदाच आलं. तिन्ही वेळा मी वेळापत्रक उघडून बसलो होतो.